डिझेल गाडीत पेट्रोल पडलंय? चावीला हात लावू नका, आणि या चुका टाळा

थार, स्कॉर्पिओ-एन, क्रेटा या गाड्या पेट्रोलमध्येही मिळतात आणि डिझेलमध्येही. पंपावर आपण नुसतं "दोन हजारांचं टाका" म्हणतो आणि यूपीआय उघडण्यात गुंततो. पेट्रोलचं नोझल डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असल्यामुळे ते डिझेल टाकीच्या तोंडात सहज जातं, कुठेही अडत नाही. लक्षात येतं तेव्हा टाकीत बरंच पेट्रोल गेलेलं असतं.

इथवर फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या दोन मिनिटांत.

चूक पहिली: "जरा पुढे घ्या साहेब" ऐकून गाडी चालू करणं

मागे रांग लागलेली, हॉर्न वाजताहेत, पंपवाला गाडी बाजूला घ्यायला सांगतोय. अशा वेळी शरमेपोटी किंवा घाईत सेल मारला जातो. मारू नका. नुकसान व्हायला सेल मारायचीही गरज नसते. बहुतेक नव्या गाड्यांत चावी 'ऑन'वर आली की टाकीतला पंप चालू होतो आणि पेट्रोल फिल्टरकडे, तिथून हाय प्रेशर पंपाकडे निघतं. 'फ्युएलचा काटा बघतो', 'काच खाली करतो' म्हणून चावी फिरवली तरी हेच होतं.

आजच्या कॉमन रेल इंजिनात (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना 'रेल' नावाच्या एकाच नळीतून दाबाखाली डिझेल मिळतं अशा इंजिनात) हा हाय प्रेशर पंप 1600 ते 2000 बार किंवा त्याहून जास्त दाब तयार करतो. त्याच्या आतल्या भागांना वेगळं ऑइल मिळत नाही, त्यांचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. पेट्रोल गेलं की तो तेलकट थर धुऊन निघतो आणि धातूवर धातू घासायला लागतो. निघालेला चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनमधून पुन्हा टाकीत जातो. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि डिझेलच्या पार्ट्सना पाण्याचं वावडं.

म्हणून गाडी न्यूट्रलला टाका आणि ढकला. स्टिअरिंग लॉक असेल तर चावी पहिल्या टप्प्यापर्यंतच, म्हणजे 'एसीसी'पर्यंतच फिरवा. ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याचदा गिअर लिव्हरजवळ लॉक सोडायची छोटी खाच असते, गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत तिची जागा दिलेली असते. तेही जमत नसेल तर गाडी आहे तिथेच राहू द्या आणि क्रेन बोलवा. मागच्यांनी थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

चूक दुसरी: "वरून डिझेल फुल करा, काही होत नाही"

हा सल्ला देणारं कुणीतरी पंपावर हमखास भेटतं. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांनी थोडीफार भेसळ सोसली असेल, पण त्या अनुभवावर आजच्या गाडीचा निर्णय घेऊ नका. किती लिटरपर्यंत चालतं, हा हिशोबच करायचा नाही. टाकी रिकामीच करायची.

चूक तिसरी: नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणं

हे जिवावर बेतू शकतं. पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. शिवाय त्याची वाफ साध्या ठिणगीनेही पेटते, आणि डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं तरी त्या मिश्रणाची वाफ पेट्रोलसारखीच पेट घेते. प्लास्टिकच्या बादल्यांत काढणं, गटारात ओतणं, 'जनरेटरला चालेल' म्हणून घरी नेणं, यातलं काहीही नको. योग्य पंप आणि बंद डबे असलेल्या वर्कशॉपलाच हे काम द्या.

रस्त्यात लक्षात आलं तर

ओढ कमी झाली, इंजिनातून खडखड आवाज यायला लागला, धूर वाढला, चेक इंजिनचा दिवा लागला, ही लक्षणं. इंजिन आपोआप बंद पडायची वाट बघू नका, कारण ते बंद पडल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. हजार्ड लाइट लावा, कडेला घ्या, बंद करा आणि पुन्हा सेल मारू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी 1033 आहे.

गॅरेजमध्ये काय बघायचं

चावी फिरलीच नसेल तर टाकी उपसणं, थोडं डिझेल घालून धुणं आणि फिल्टर बदलणं एवढ्यावर भागतं. काम सहसा काही हजारांत होतं.

गाडी चालली असेल तर मात्र नुसती टाकी रिकामी करून 'चालू करून बघू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. आधी जुना फिल्टर काढून त्यातलं इंधन तुमच्यासमोर पांढऱ्या वाटीत ओतायला सांगा आणि उन्हात धरून बघा. चंदेरी चमक दिसली तर पंप घासला गेलाय. मग लाइन्स, रेल, इंजेक्टर सगळं तपासावंच लागतं आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. चमक दिसत असताना नुसता फिल्टर बदलून गाडी घेऊन आलात, तर उरलेला चुरा इंजेक्टरचीही वाट लावेल.

कागद सांभाळा

पंपाचं बिल फेकू नका, त्यावर इंधनाचा प्रकार, लिटर आणि वेळ असते. तुम्ही 'डिझेल' सांगूनही पेट्रोल टाकलं असेल तर तिथेच तक्रार वहीत नोंद करा, त्या पानाचा फोटो घ्या आणि मॅनेजरला सांगून सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला लावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, त्यापुढे ग्राहक आयोग. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च सहसा बसत नाही, पण रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर चुकीचं इंधन भरल्यावरची मदत बऱ्याचदा त्यात असते. त्यामुळे क्रेनला स्वतः पैसे देण्याआधी पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा.