उन्हानं रापलेल्या चेहऱ्याला लाल दिवा लावताय?

मावशीची हयात परभणीकडं कापूस वेचण्यात गेली. पदराखालचं कपाळ अजून नितळ, गालांवर मात्र सुरकुत्यांचं जाळं. अशा त्वचेवर लाल प्रकाशाचा थोडाफार उपयोग होतो. पेशी तो शोषतात आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला चालना मिळते.

लाल प्रकाशाचं यंत्र घेताना त्यावर प्रकाशाची तरंगलांबी 630 ते 660 नॅनोमीटर एवढी लिहिलेली बघा. देवघरातला लाल झिरोचा बल्ब इथं कामाचा नाही! चेहरा धुवून, पुसून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. अंतर माहितीपत्रकात असेल तेवढंच. दोन-तीन महिने तरी धीर धरा. बारीक रेषा मऊ पडतात, खोल घड्या जात नाहीत.

वांग असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, डाग गडद होऊ शकतात. उजेडाला त्वचा हळवी करणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील तरी विचारा. बरी न होणारी जखम किंवा बदलत जाणारा तीळ असला तर यंत्र बाजूलाच ठेवा, आधी तपासून घ्या.

आणि दुपारी बाहेर पडताना रुमाल, सनस्क्रीन हवंच. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. रात्री दिवा आणि दुपारी उघडं तोंड, मग पैसे कशाला घालवायचे?