हातगाडीवरचा उजळता केळीचा घड
जळगावात कलामहोत्सवासाठी फिरतं, आतून उजळणारं मोठं शिल्प करायचंय तर केळीचा घडच करा, इथं त्याच्याइतकं आपलं दुसरं काय आहे! हातगाडीवर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा सुतळीनं आवळा, वरून पातळ पांढरं कापड ताणून शिवा आणि पिवळा रंग पाण्यासारखा पातळच लावा, जाड थर दिला की उजेड आतच अडकतो. एलईडी पट्टी 12 व्होल्टची, मीटरला 4.8 वॅट धरली तर 20 मीटरला 96 वॅट म्हणजे 8 अँपिअर, दर 5 मीटरला वेगळी वायर न्या नाहीतर टोकाला मिणमिणतं. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज टाका, हे टाळूच नका. बॅटरी खाली चाकांमध्ये बांधा. उंची रस्त्यावरच्या विजेच्या तारा बघूनच ठरवा.