खाणपट्ट्यातला खरीप: पेरणीआधी नाला पाहा, पाणी मोजा, मागणी नोंदवा

वणी, वरोरा, भद्रावती, राजुरा आणि घुग्घुस या कोळसापट्ट्यातल्या, तसेच कोरपना-गडचांदूरच्या चुनखडीपट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी हा सल्ला आहे. सोयाबीन, कापूस आणि तुरीची शिफारस कृषी विभाग आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी देतात, आणि ती चांगली असते. पण ती सगळ्या विदर्भासाठी असते. ज्याच्या धुऱ्यापासून मातीच्या ढिगाऱ्याचा पायथा दिसतो आणि ज्याच्या वावराकडेने दिवसभर कोळशाचे ट्रक धावतात, त्याला त्या शिफारशीत थोडी भर घालावी लागते.

सुरुवात बियाण्यापासून करू नका, नाल्यापासून करा. उघड्या खाणीतला कोळसा काढण्याआधी वरचा मातीचा आणि मुरमाचा थर उचलून बाजूला टाकतात. ते ढिगारे दरवर्षी वाढतात आणि काही ठिकाणी गावनाल्याची वाट अरुंद होते किंवा वळते. मागच्या वर्षी पाणी नीट वाहून गेले, म्हणजे यंदाही जाईल असे धरून चालू नका. मे महिन्यात, उन्हे कलल्यावर, आजूबाजूच्या चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून नाल्याच्या काठाने चालत जावे. पाणी कुठून येते, कुठे अडेल, पाइप बुजला आहे का, ढिगाऱ्याच्या पायथ्याची चर उघडी आहे का, हे डोळ्यांनी बघावे आणि फोटो काढावेत. फोटोत एखादे ओळखीचे झाड, पूल किंवा खांब येऊ द्या, म्हणजे नंतर जागेवरून वाद होत नाही.

अडथळा दिसला तर तोंडी सांगून थांबू नका. खाणीच्या व्यवस्थापनाला, तलाठ्याला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि तिन्ही ठिकाणची पोच घ्या. कोणी परवानगीशिवाय नैसर्गिक प्रवाह अडवला असेल आणि त्यामुळे शेतीला धोका असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बरेच जण पूर येऊन गेल्यावर, पीक गेल्यावर, दिवाळीनंतर जागे होतात आणि तोवर मुदत टळते. म्हणूनच मे महिन्यातल्या त्या फेरीला मी बियाण्याच्या खरेदीइतकेच महत्त्व देतो.

आता पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीला तेवढी ओल लागतेच. वरवरच्या ओलीवर पेरले आणि पुढे आठ दिवस उघाड पडली, तर दुबार पेरणीचा खर्च कोणतीच योजना भरून देत नाही. घरचे बियाणे असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवतात ते मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवा. दाणा ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू हा क्रम पाळा. उलट केले तर जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात.

सोयाबीन बीबीएफ यंत्राने, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरावे असे मी या भागात आग्रहाने सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा थोड्या दिवसांत कोसळतो. ढिगाऱ्यांमुळे उतार बदललेल्या शिवारात पाणी साचून राहते. सरी असेल तर पाणी निघून जाते आणि पावसात खंड पडला तर तीच सरी ओल धरून ठेवते. यंत्र मिळाले नाही तर दर चार-सहा तासांनंतर (पेरणीच्या ओळींनंतर) एक तास रिकामा ठेवा आणि पहिल्या डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी तिथे सरी पाडा. खतात डीएपीसाठी रांगा लावण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात स्फुरदासोबत गंधकही मिळते आणि सोयाबीनला ते हवेच असते.

कापूस १ जूनच्या आधी लावू नये, कारण लवकर लावलेली पराटी (कपाशी) गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीला आसरा देते. लागवडीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे) लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा.

पुराच्या पट्ट्यात, म्हणजे वर्धा, पैनगंगा आणि इरई नद्यांच्या काठच्या वावरांत, पेरताना सगळा खर्च एकदम ओतू नका. जुलै २०२२ मध्ये या नद्यांनी काय केले ते या भागात कोणी विसरलेले नाही. पेरणीबरोबर स्फुरद, पालाश आणि नत्राचा पहिला हप्ता द्या, कपाशीचा उरलेला नत्र पाऊस स्थिरावल्यावर द्या. पाणी ओसरले की आधी चर काढून वावर मोकळे करा आणि वाफसा आला की हलकी डवरणी द्या. साचलेल्या पाण्यानंतर कपाशी अचानक माना टाकू लागली तर त्या आकस्मिक मरीवर २४ ते ४८ तासांत उपाय करावा लागतो. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळा आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी १०० मिली द्रावण ओता.

ढिगाऱ्यावरून वाहून आलेल्या गाळाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे मोठा गैरसमज आहे. तलावातला गाळ शेतात टाकला की जमीन सुधारते, म्हणून ढिगाऱ्याचा गाळही चांगलाच असेल असे काही जण मानतात. तलावाच्या गाळात आजूबाजूच्या शिवारातली वरची, जिवंत माती आलेली असते. ढिगाऱ्यातला माल जमिनीच्या खोल पोटातून आलेला असतो. त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो, मुरूम, खडे आणि चिकट शेल असतो, आणि तो सुकला की वर पापडी धरतो. असा गाळ वावरात आला तर घाईने नांगरून मिसळू नका. आधी टेप धरून पाच-सहा ठिकाणी त्याची जाडी मोजा, टेपसकट फोटो काढा आणि लगेच तलाठी व कृषी सहायकाला कळवून पंचनामा मागा. नैसर्गिक आपत्तीच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांत शेतजमिनीवर ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढण्यासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी १८,००० रुपये मदतीची तरतूद होती. त्यामुळे जाडी ३ इंच भरते की नाही हे पंचनाम्यात लिहिले गेलेच पाहिजे. नुसते 'गाळ आला' एवढे लिहून भागत नाही. गाळ खाणीच्या ढिगाऱ्यातून आला असेल तर त्याच पंचनाम्याच्या प्रतीवर खाण व्यवस्थापनाकडे भरपाईचा वेगळा अर्ज करा. थर इंचभराचा असेल तर भरपूर शेणखत घालून ताग किंवा धैंचा घ्या, फुलावर आला की गाडा, आणि रब्बीत हरभऱ्याचा विचार करा.

पंचनाम्यावर इतका भर देण्यामागे आणखी एक कारण आहे. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याचा हिस्सा सोयाबीनसारख्या खरीप पिकांना २ टक्के आणि कपाशीला ५ टक्के झाला, आणि त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पादनावर बेतली गेली. मंडळ चांगले पिकले आणि तुमचे एकट्याचे वावर ढिगाऱ्याच्या पाण्याने गेले, तर अशा पद्धतीत हाती काही येत नाही. यंदाच्या अटी आणि शेवटची तारीख सेवा केंद्रात विचारून घ्या. विमा काढा, पण त्याच्या भरवशावर पंचनामा सोडू नका. ई-पीक पाहणीही, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंदही, वेळेत करा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पंचनामाही लंगडा पडतो, आणि शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर पुढचे अर्ज अडतात.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाबद्दल गावात फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खनिज निघणाऱ्या जिल्ह्यांत ही प्रतिष्ठाने स्थापन करणे ठरले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (खनिजासाठी सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के इतकी जादा रक्कम, आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे जुन्या खाणीने सरकारला १०० रुपये स्वामित्वधन दिले, तर वरचे ३० रुपये बाधित भागासाठी जमा होतात. २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित, तर २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरला जातो आणि किमान ७० टक्के निधी थेट बाधित भागात खर्च व्हायला हवा. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षणासोबत सिंचन आणि पाणलोटाची कामेही या निधीतून करता येतात. नाला खोलीकरण, सिमेंट बंधारा, खाणीतले उपसलेले पाणी गावतलावात आणणारी पाइपलाइन ही आपली खरी गरज आहे आणि ती या चौकटीत बसते.

मात्र हा आराखडा वर्षाचा असतो. कामे मंजूर होऊन गेल्यावर मागणी घेऊन गेलात तर ती पुढच्या वर्षावर जाते. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत ठराव घ्या. ठरावात गट क्रमांक, नाल्याचे नाव, लांबी आणि किती शेतकऱ्यांना फायदा होईल हे लिहा. 'शेतीसाठी पाण्याची सोय व्हावी' अशा मोघम ठरावावर कोणी अंदाजपत्रक करू शकत नाही. ठरावाची प्रत तालुका कृषी कार्यालयाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म विभागाला, दोन्हीकडे द्या. जिल्ह्याची खरीपपूर्व आढावा बैठक एप्रिल-मेमध्ये होते, त्याआधी तुमची मागणी कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर असेल तर ती बैठकीत निघण्याची शक्यता वाढते.

सप्टेंबरपर्यंत पाऊस पाने धुऊन काढतो, त्यामुळे धुळीचा प्रश्न खऱ्या अर्थाने दसऱ्यानंतर सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच बोंडे फुटतात. कोळशाची धूळ पानावर बसली की प्रकाश अडतो आणि पानाची छिद्रे बुजतात. चुनखडी-सिमेंटची धूळ दवाने भिजली की पानावर पक्का लेप धरते. कोरडवाहू शेतकऱ्याने पाने धुवावीत असे सांगणे मला पटत नाही, तेवढे पाणी असते तर त्याने गहूच पेरला नसता का? त्यापेक्षा रस्त्याकडेच्या आठ-दहा तासांचा कापूस वेगळा वेचा आणि वेगळ्या गोणीत भरा. काळा पडलेला थोडा कापूस चांगल्यात मिसळला की सगळ्याच मालाची प्रत आणि भाव पडतो. रस्त्यावर टँकरने पाणी मारण्याची मागणी ऑक्टोबर उजाडण्याआधीच लेखी द्या. धुऱ्यावर करंज, बांबू किंवा शेवरीची दाट ओळ याच पावसाळ्यात लावली तर दोन-तीन वर्षांत तिचा आडोसा होतो. रस्त्याकडेचा कडबा आणि हिरवा चारा झटकून, शक्य तर धुऊनच जनावरांना घाला.

फवारणी करायची असेल तर चांगला पाऊस पडून पाने स्वच्छ झाल्यावर करा, धुळीच्या थरावर पडलेले औषध पानापर्यंत पोचत नाही. दोन-तीन औषधे एकत्र करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपलेच लोक होते. तोंडाला उपरणे बांधणे पुरेसे नाही. मास्क, हातमोजे, चष्मा लागतोच, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी नको. फवारणीला मजूर लावला असेल तर त्याला हे साहित्य देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

विहिरीच्या पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजून वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमच्या नोंदी त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. खाणीच्या उपशाने विहीर खाली गेली, असे नुसते म्हणण्यापेक्षा तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या तर कार्यालयात ऐकून घेतात.

रब्बीला खाणीचे पाणी मिळणार असेल तर हरभरा पेरण्याआधी ते तपासून घ्या. स्वच्छ प्लॅस्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, पंप १०-१५ मिनिटे चालू दिल्यावर काठोकाठ भरा आणि २४ तासांत जिल्हा प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. सामू (पीएच) ६.५ ते ८.४ च्या दरम्यान असावा. क्षारता दर मीटरला ०.७ डेसीसायमनपर्यंत असेल तर कोणत्याही पिकाला द्या, त्यापुढे ३ पर्यंत जपून द्या, ३ च्या वर गेली तर वापरू नका. उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा कमी असेल तर बिनधोक आहे. ते २.५ च्या पुढे असलेले पाणी भारी काळ्या जमिनीला चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) करते, आणि चोपण झालेले वावर सुधारायला वर्षे लागतात. हीच तपासणी मार्चमध्ये पुन्हा करा, कारण उन्हाळ्याकडे जाताना उपशाच्या पाण्यातले क्षार वाढू शकतात.