समर कॅम्पमधून कॉलेज फुटबॉलपर्यंत: कोणते कॅम्प निवडायचे, आणि तिथं काय करायचं

अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) खेळणाऱ्या मुलाच्या इनबॉक्समध्ये हिवाळा सरता सरता कॅम्पची आमंत्रणं यायला लागतात. विद्यापीठाचा लोगो, हेड कोचची सही, आणि ‘तुझा खेळ प्रत्यक्ष बघायचा आहे’ असा मजकूर. क्रेडिट कार्ड बाहेर काढण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार कॉलेजचा कॅम्प सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. बंधन घालता येतं ते फक्त संख्या, वय, इयत्ता आणि लिंग यांचं. कॅम्पची माहितीपत्रकं कोणत्याही इयत्तेतल्या मुलाला कधीही पाठवता येतात. त्यामुळे ते आमंत्रण बहुतेक वेळा सरसकट पाठवलेली जाहिरात असते.

कॅम्पमध्ये अनोळखी मुलगा अचानक कोचच्या नजरेत भरला, असं क्वचितच घडतं. कोचने मुलाच्या खेळाची फिल्म आधी पाहिलेली असते आणि कॅम्पमध्ये तो खात्री करून घेतो: उंची-वजन सांगितल्याइतकं आहे का, फिल्मवरचा वेग खरा आहे का, आणि केलेली सूचना मुलगा पुढच्याच रेपमध्ये (ड्रिलच्या पुढच्या फेरीत) अमलात आणतो का. म्हणून जूनमधल्या कॅम्पचं काम जानेवारीत सुरू होतं.

खरा रस कसा ओळखायचा

एनसीएएची कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली आहेत, डिव्हिजन वन सगळ्यात वरची. डिव्हिजन वनचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी खेळाडूला रिक्रूटिंगसाठी वैयक्तिक ईमेल किंवा मेसेज पाठवू शकत नाहीत. डिव्हिजन टूमध्ये ही तारीख अकरावी सुरू होण्याआधीची १५ जून आहे. डिव्हिजन थ्रीचे कोच त्याआधीही लिहू शकतात. त्यामुळे नववीतल्या मुलाला मोठ्या विद्यापीठाकडून आलेलं पत्र म्हणजे कॅम्पची जाहिरात किंवा प्रश्नावली, इतकंच समजा.

तारीख उलटून गेल्यावर खरा रस दिसतो तो असा: पोझिशन कोच (मुलगा ज्या जागी खेळतो त्या जागेचा कोच) स्वतः लिहितो, एखाद्या ठरावीक सामन्यातल्या प्लेचा (एका चालीचा) उल्लेख करतो, ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) मागतो, किंवा शाळेच्या कोचला फोन करतो. यातलं काहीच नसेल तर त्या कॉलेजने मुलाला अजून हेरलेलं नाही.

पातळी ठरवा

हा भाग पालकांना सगळ्यात जड जातो. एफबीएसमध्ये (डिव्हिजन वनची वरची पातळी) १३० हून अधिक संघ आहेत, डिव्हिजन थ्रीमध्ये २०० हून अधिक, आणि मध्ये एफसीएस (डिव्हिजन वनचीच दुसरी पातळी), डिव्हिजन टू, एनएआयए (एनसीएएहून वेगळी संघटना) आणि ज्युनिअर कॉलेजं. टीव्हीवर दिसतात ती त्यातली मोजकीच. शिवाय मोठी कॉलेजं आता बऱ्याच जागा ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची यादी) आलेल्या अनुभवी खेळाडूंनी भरतात. हाउस खटल्याच्या (खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध झालेला खटला) तडजोडीनंतर, २०२५-२६ पासून, ती स्वीकारलेल्या कॉलेजांच्या फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आहे. त्यामुळे वॉक-ऑनसाठीची (स्कॉलरशिपशिवाय संघात येणाऱ्यांसाठीची) जागाही आटली आहे.

शाळेच्या हेड कोचला स्पष्ट विचारा, ‘हा मुलगा कोणत्या पातळीवर खेळू शकेल?’ उत्तर आवडलं नाही तरी यादी त्यावरूनच करा. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण गरजेनुसार आर्थिक मदत मिळते, आणि डिव्हिजन थ्रीच्या अनेक कॉलेजांत अभ्यासातल्या गुणवत्तेवरही. चांगल्या मार्कांच्या मुलाला अशा ठिकाणी मिळणारी रक्कम खालच्या पातळीवरच्या अर्धवट स्पोर्ट्स स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघू शकते.

किती कॅम्प, कोणते, कधी

बारावीत जाणाऱ्या मुलासाठी चार ते पाच कॅम्प पुरे. दोन-तीन अशा कॉलेजांचे जिथल्या कोचशी खरोखर पत्रव्यवहार चालू आहे, एक आवाक्याच्या थोडं वरचा, आणि एक मेगा कॅम्प. मेगा कॅम्पला एकाच मैदानावर अनेक कॉलेजांचे कोच काम करतात, आणि मोठ्या विद्यापीठाच्या नावाखाली भरलेल्या अशा कॅम्पचा खरा फायदा तिथं आलेल्या छोट्या कॉलेजांच्या कोचमुळे होतो. नाव नोंदवण्याआधी कोणत्या कॉलेजांचे कोच येणार आहेत ती यादी मागून घ्या.

अकरावीत जाणाऱ्या मुलासाठी दोन-तीन. दहावीत जाणाऱ्यासाठी जवळचा एक, तोही सरावापुरता.

जून महत्त्वाचा, कारण एफबीएस कोचना जून-जुलै मिळून दहाच दिवस कॅम्पमध्ये काम करता येतं, आणि जूनच्या अखेरीपासून डेड पीरियड लागतो. त्या काळात कोच खेळाडूला समोरासमोर भेटू शकत नाहीत. त्या वर्षीचं एनसीएएचं रिक्रूटिंग कॅलेंडर बघूनच तारखा ठरवा, कारण ते बदलत राहतं. लागोपाठच्या दोन दिवशी दोन कॅम्प मात्र घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पाय जड असतात, चाळीस यार्डांच्या धावेची वेळ घसरते, आणि हॅमस्ट्रिंग ओढली गेली तर उरलेला जून घरात जातो.

किकर, पंटर (चेंडू लाथेने मारणारे) आणि लाँग स्नॅपर (त्यांच्याकडे चेंडू मागे फेकणारा) यांचं गणित वेगळं. साध्या कॅम्पमध्ये त्यांना कोपऱ्यात एक जाळी आणि एक सहायक मिळतो. त्यांनी खास स्पेशलिस्ट कॅम्पच बघावेत. लाइनमननी (पुढच्या रांगेत भिडणाऱ्यांनी) सेव्हन-ऑन-सेव्हनवर (सात-सात जणांचा फक्त पासिंगचा खेळ) भर असलेले कॅम्प टाळावेत, कारण त्यात त्यांना काम नसतं.

फिल्म आणि ईमेल

हडल या व्हिडिओ वेबसाइटवरची हायलाइट फिल्म तीन ते चार मिनिटांची असावी, आणि सगळ्यात चांगले पाच-सहा प्ले सुरुवातीलाच. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही तर कोच पुढे जातो. स्नॅपच्या (प्ले सुरू होण्याच्या) आधी मुलाभोवती वर्तुळ किंवा बाण दाखवा, मग प्ले अखंड चालू द्या. स्लो मोशन नको. वेग लपवायचा आहे असं वाटतं. लाइनमनच्या फिल्ममध्ये शिट्टी वाजेपर्यंतचा भाग ठेवा, कारण ब्लॉक पूर्ण करतो का तेच बघायचं असतं. दोन पूर्ण सामन्यांच्या लिंकही तयार ठेवा. रस असलेला कोच त्या मागतोच.

ईमेल मुलानेच लिहायचा. आईवडिलांनी लिहिलेला ओळखू येतो. विषयाच्या ओळीत नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, शाळा आणि राज्य. आत पाच-सहा ओळी: जीपीए (ग्रेडची सरासरी), फिल्मची लिंक, शाळेच्या कोचचा फोन, आणि त्याच कॉलेजबद्दलचं एक नेमकं वाक्य. पाठवायचा पोझिशन कोचला आणि तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या कोचला. दोघांची नावं संघाच्या वेबसाइटवर असतात. पहिला ईमेल फेब्रुवारीत, दुसरा एप्रिल-मेमध्ये नव्या आकड्यांसह, तिसरा कॅम्पच्या दहा-बारा दिवस आधी ‘मी अमुक तारखेला येतोय’ असा. शक्य असेल तर शाळेच्या कोचला त्याच आठवड्यात एक फोन करायला सांगा. त्या फोनचं वजन मुलाच्या दहा ईमेलांपेक्षा जास्त.

आकडे फुगवू नका. कॅम्पमध्ये पहिलं काम मोजमापाचं असतं. सहा फूट दोन इंच लिहिलेला मुलगा सहा फूट भरला की बाकीच्या माहितीवरही शंका येते. वेळेचंही तसंच: हाताच्या स्टॉपवॉचवरची वेळ लेझरच्या वेळेपेक्षा साधारण एक-दोन दशांश सेकंदांनी कमी दिसते. ज्या पद्धतीने मोजली ती सोबत लिहा.

अभ्यासाची अट

डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो, डिव्हिजन टूसाठी २.२. डिव्हिजन वनची आणखी एक अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यांतले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे, आणि या दहांचे ग्रेड नंतर कोर्स पुन्हा करून सुधारता येत नाहीत. सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेजच्या स्वतःच्या प्रवेशासाठी ती असू शकते. कॅम्पला जाताना ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ फोनमध्ये ठेवा.

तयारी आणि बॅग

सहा ते आठ आठवडे आधी चाळीस यार्डांची सुरुवात आणि पाच-दहा-पाच शटल यांवर काम करा. चाळीसमध्ये वेळ जातो तो पहिल्या दहा यार्डांत, कारण मुलं दोन पावलांतच ताठ उभी राहतात. शटलमध्ये मधल्या रेषेवरून पाच यार्ड एका बाजूला, दहा उलट दिशेला, आणि पाच परत. वळताना कंबर खाली न गेल्यामुळे पाय घसरतो, किंवा हात रेषेला लागत नाही आणि प्रयत्न बाद होतो. शेवटचे ४८ तास पायांचा जड व्यायाम नाही.

बॅगेत गवत आणि टर्फ (कृत्रिम गवत) दोन्हींवर चालतील असे वापरून मऊ झालेले क्लीट्स (खिळ्यांचे बूट), माउथगार्ड, ग्लव्हज, डॉक्टरची सही असलेला फिजिकल फॉर्म, पालकांचं संमतिपत्र आणि विम्याच्या कार्डाची प्रत. फॉर्म अपुरा असेल तर मैदानात उतरू देत नाहीत. लाइनमनना हेल्मेट आणायचं आहे का ते आधी विचारा. शाळेचं हेल्मेट बाहेर न्यायला परवानगी लागू शकते.

जूनमधलं टर्फ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पाणी आदल्या दिवसापासूनच वाढवा. मुलगा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा: ९११ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता बर्फाच्या पाण्यात बुडवून त्याला थंड करायला लागा.

मैदानावर

पाऊण तास आधी पोहोचा. ड्रिलच्या रांगेत दुसरा-तिसरा नंबर धरावा: पहिल्याला बघून ड्रिल कळतं, आणि कोचचं लक्ष अजून ताजं असतं.

निर्णय होतो तो वन-ऑन-वनमध्ये (एकास एक झुंजीत). इथं रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मुळातच फायदा असतो, कारण क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) दबाव नसतो. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) एखादा पास हरला म्हणून कोणी त्याच्यावर काट मारत नाही. तो लगेच पुन्हा रांगेत येतो का, हे मात्र बघतात. ऑफेन्सिव्ह लाइनमनने हात आत आणि पाय हलते ठेवायचे. डिफेन्सिव्ह लाइनमनने एक हुकमी मूव्ह आणि तिचा एक काउंटर आणावा. सहा अर्धवट मूव्हज दाखवण्यात रेप वाया जातात. कोचने दुसऱ्या पोझिशनवर ये म्हटलं तर बिनतक्रार जायचं. सेफ्टीच्या जागी खेळणाऱ्या मुलात त्याला लाइनबॅकर दिसला असेल, तर ती ऑफरची सुरुवात असू शकते.

पालकांनी बाकावर बसावं, वरून आडव्या फोनने रेप्स टिपाव्यात आणि गप्प राहावं. कोच स्वतः बोलायला आला तर बोला.

कॅम्प संपल्यावर

कॅम्पमध्ये भाग घेणाऱ्या मुलाशी कोच रिक्रूटिंगबद्दल बोलू शकतात. संधी मिळाली तर मुलाने विचारावं: माझ्या पोझिशनवर या वर्षी किती जण घेणार? तुमच्या यादीत मी कुठे आहे? सीझनमध्ये माझ्या फिल्मवर काय बघायला आवडेल? ‘आमचं लक्ष आहे तुझ्यावर’ ही ऑफर नव्हे. प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणजे संघात जागा, पण स्कॉलरशिप नाही.

चोवीस तासांत आभाराचा ईमेल, त्यात कोचने शिकवलेली एक नेमकी गोष्ट आणि दोन-तीन रेप्सची क्लिप. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा.

तोंडी ऑफर कोणालाच बांधून ठेवत नाही, ना कॉलेजला, ना मुलाला. ‘आज होकार दिला तर ही जागा माझी का?’ असं विचारलं की ती किती पक्की आहे ते कळतं. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (कॉलेजशी बांधून घेणारं संमतिपत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं; आता आर्थिक मदतीच्या लेखी करारावर सही होते, आणि डिव्हिजन वन फुटबॉलमध्ये त्याची पहिली संधी डिसेंबरच्या सुरुवातीला असते. तोवर बाकीच्या कॉलेजांशी पत्रव्यवहार चालू ठेवा. ऑगस्टपर्यंत काहीच हाती आलं नाही, तर सीझनच्या पहिल्या तीन सामन्यांची नवी फिल्म कापून डिव्हिजन टू, थ्री आणि एनएआयएच्या कोचना पाठवा. त्यांची भरती वसंतापर्यंत चालू असते.