एस्पेरान्तोचं मंडळ बोलतं कसं करावं

आमचं मंडळ पुण्यात दर रविवारी सकाळी जमतं. सहा-सात जण असतो. पहिली तीन वर्षं आम्ही एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेविषयी भरपूर बोललो, आणि सगळं मराठीत. संगणकाला 'कोम्पुतिलो' म्हणायचं की 'कोम्पुतोरो', यावर एक अख्खी सकाळ गेलेली मला आठवते. मग पास्पोर्ता सेर्वो, म्हणजे 1974 पासून चालत आलेली, एस्पेरान्तो बोलणाऱ्या पाहुण्यांना घरी ठेवून घेणाऱ्या यजमानांची यादी, तिच्यातून माझा पत्ता घेऊन हंगेरीच्या एक बाई दोन रात्री माझ्याकडे राहायला आल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कृदंतांवर तासभर वाद घालणाऱ्या मला, आंघोळीचं पाणी पुरेसं गरम आहे का, एवढं विचारताना घाम फुटला. 'चु ला आक्वो एस्तास सुफिचे वार्मा?' यातला एकही शब्द मला नवा नव्हता. त्या गेल्यावर मी मंडळाची पद्धतच बदलायला घेतली. तुमच्या गावात असं मंडळ असेल किंवा काढायचं असेल, तर आमच्याकडे काय कामी आलं ते सांगते.

पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वाद बंद करू नका, तो एस्पेरान्तोत घालायला लावा. एस्पेरान्तो बोलणाऱ्यांच्या घोळक्यात आपली मातृभाषा सुरू करणं, याला त्या भाषेत 'क्रोकोदिली' असं क्रियापद आहे, म्हणजे मगरीसारखं वागणं. आम्ही ठरवलं की पहिला अर्धा तास मगर घरी ठेवायची. सुरुवातीचे दोन रविवार खोलीत नुसती शांतता होती. ती सहन करा, मराठीत उतरून सुटका करून घेऊ नका. तिसऱ्या रविवारी आमच्यातले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. कर्माला लागणारा 'न' हा प्रत्यय काढूनच टाकावा, असं त्यांचं जुनं मत. ते म्हणाले, 'मि ने उझास ला फिनाझोन', मी हा प्रत्यय वापरत नाही. वाक्य पुरं झालं आणि त्यांच्याच लक्षात आलं की 'फिनाझो'ला त्यांनी 'न' लावला होता. शिकवण्यातून जे त्यांच्या गळी उतरलं नव्हतं, ते बोलण्यातून आपोआप आलं होतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

हा 'न' आपल्याला का चकवतो, हेही नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगा. 'मी मुलीला बोलावतो' यात आपण 'ला' लावतो, पण 'मी पुस्तक वाचतो' यात काहीच लावत नाही. म्हणून मराठी माणूस 'मि वोकास ला क्नाबीनोन' बरोबर म्हणतो आणि लगेच 'मि लेगास लिब्रो' म्हणून चुकतो. निर्जीव कर्मांची वीस वाक्यं रोज मोठ्याने म्हणायला लावली की महिन्याभरात फरक दिसतो.

दुसरं, कुठला वाद मिटलेला आहे हे मंडळ चालवणाऱ्याला माहीत हवं. एस्पेरान्तो घडवणाऱ्या झामेनहोफने 1887 साली वॉर्सात या भाषेचं पहिलं पुस्तक काढलं. 1894 मध्ये त्याने स्वतःच सुधारणा सुचवल्या, 'न' काढण्याचीही त्यात होती. वापरणाऱ्यांचं मत घेतलं तेव्हा बहुमताने त्या नाकारल्या. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेरला पहिलं जागतिक अधिवेशन भरलं, सुमारे 700 माणसं आली, आणि निरनिराळ्या देशांची ही माणसं एकमेकांशी खरंच बोलू शकली. त्याच वर्षी 'फुन्दामेन्तो' हा भाषेचा पाया ठरला. नवे शब्द येऊ शकतात, पण मूळ सोळा नियम कुणी बदलायचे नाहीत. 1907 नंतर सुधारणावाद्यांनी इदो ही वेगळी भाषा चालवलीच. त्याआधीच्या वोलापुक या घडवलेल्या भाषेची गोष्ट मला जास्त चटका लावते. 1889 च्या पॅरिसच्या अधिवेशनात वाढपीसुद्धा वोलापुक बोलत होते असं सांगतात. पण शेवटचा शब्द ती भाषा घडवणाऱ्या श्लायरचा की तिच्या अकादमीचा, या भांडणात ती चळवळ काही वर्षांत विस्कटली. म्हणून मिटलेला प्रश्न कुणी काढला तर झिडकारू नका, हा इतिहास पाच मिनिटांत सांगा आणि पुढे चला.

न मिटलेल्या प्रश्नांसाठी एक वही ठेवा. प्रश्न मांडणाऱ्याने छापील मजकुरातली दहा वाक्यं शोधून आणायची, मगच चर्चा. कित्येक प्रश्न वाक्यं शोधतानाच सुटतात. 'आता' आणि 'इता' या कृदंतांवरून युरोपात वर्षानुवर्षं जुंपली होती. 1967 साली एस्पेरान्तोच्या अकादमीने 'इता' म्हणजे पुरी झालेली क्रिया, या बाजूने कौल दिला. आपल्याला हे सोपं जावं. बांधलेलं घर ते 'कोन्स्त्रुइता', बांधलं जात असलेलं ते 'कोन्स्त्रुआता'.

आणि हाताला काम द्या. आम्ही महिन्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमतो. पोह्यांना काय म्हणायचं? कुणी म्हणालं 'पोहाओ', कुणी 'प्लातिगिता रिझो', म्हणजे चपटा केलेला तांदूळ. वाद रंगला, पण कढई तापली होती. 'वार्मिगु ओलेओन', 'त्रान्चु त्सेपोय्न', तेल तापवा, कांदे चिरा. बघता बघता सगळे आज्ञार्थात बोलायला लागले आणि प्रत्येक कर्माला 'न' लागत गेला. पोहे पानात पडेपर्यंत 'प्लातिगिता रिझो' हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला होता. फोडणीला अजून शब्द सापडलेला नाही. तो वहीत लिहून ठेवला आहे, पुढच्या पाहुण्यांना कढईपाशी उभं करून विचारणार आहोत.