सर्व्हो ट्यूनिंगला नवे आहात? एक्स आणि वायचा गेन एकदा शेजारी ठेवून बघा

गोव्यात वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत मेंटेनन्सला नव्याने लागलेली आयटीआय-डिप्लोमावाली पोरं हमखास विचारतात, "सर्व्हो ट्यूनिंग जमेल ना?" जमेल. सर्व्हो ट्यूनिंग म्हणजे सीएनसी मशीनचे ॲक्सिस चालवणाऱ्या मोटरी हुकमाला किती जोरात उत्तर देतात ते आकड्यांनी बसवणं. पण पॅरामीटरचा (कंट्रोलरमधल्या सेटिंगच्या आकड्यांचा) बॅकअप घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आणि झेडच्या (उभ्या ॲक्सिसच्या) हेडखाली लाकडी ठोकळा न ठेवता सर्व्हो बंद करणाऱ्याच्या बाजूला मी उभाही राहत नाही. ब्रेक झिजलेला असला तर हेड सरळ खाली येतं.

हुकूम आणि प्रत्यक्ष यांतला फरक सतत भरून काढणारे करंट, व्हेलॉसिटी (वेग), पोझिशन (जागा) हे तीन लूप एकात एक असतात, आणि ट्यूनिंग आतून बाहेर या क्रमाने करायचं. करंट लूप मोटरप्रमाणे कंपनीनेच बसवलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. व्हेलॉसिटीचा गेन, म्हणजे फरक दिसला की लूप किती जोराने दुरुस्त करतो तो आकडा, मोटर गुणगुणायला लागेपर्यंत चढवायचा आणि तिथून चांगला खाली आणायचा. हे हाताला बसतं, घाबरण्यासारखं काही नाही.

माझा जीव खाल्ला तो पोझिशन गेनने. एका कारखान्यातल्या मिलिंग सेंटरवर ड्रिलची भोकं अगदी जागेवर यायची, पण एंडमिल गोल फिरवून काढलेला बोअर (मोठं भोक) इन्स्पेक्शनमध्ये परत. बोअर डायल (भोकाचा व्यास मोजायचं गेज) एक्सच्या दिशेने धरा, वायच्या दिशेने धरा, व्यास सारखाच. तिरका धरला की काटा सरकायचा. बेअरिंग बघितलं, कपलिंग आवळलं, गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) तपासल्या, सगळं ठीक. शेवटी पॅरामीटर चाळताना सापडलं: वायचा फॉलोइंग एरर (हुकमाच्या मागे राहण्याचं अंतर) कमी दिसावा म्हणून कोणीतरी फानुक कंट्रोलरचा 1825 नंबरचा पॅरामीटर, म्हणजे पोझिशन गेन, फक्त वायपुरता 3000 चा 3300 करून ठेवला होता.

यात काय बिघडतं ते कागदावर मांडून बघाच. फीडफॉरवर्ड (हुकूम आधीच पुढे धाडून हा मागे राहणारा लॅग कमी करायची सोय) बंद असेल तर चालता ॲक्सिस हुकमाच्या मागे राहतो, वेग भागिले गेन इतका. दोन्ही ॲक्सिस मिनिटाला 3000 मिमी, म्हणजे सेकंदाला 50 मिमी वेगाने निघाले असं धरा. एक्सचा गेन 30 (फानुकचे 3000), तर तो 1.67 मिमी मागे. वायचा 33, तर तो 1.52 मिमी मागे. दोघे सारखेच मागे असते तर 45 अंशांच्या रेषेवरून टूल ढळलं नसतं, नुसतं उशिरा पोचलं असतं. आता 0.15 मिमीचा फरक पडल्यामुळे ते रेषेच्या बाजूला साधारण 0.1 मिमी सरकतं. मशीन थांबलं की दोन्हीकडचा लॅग शून्यावर येतो, त्यामुळे ड्रिलला आणि थांबलेल्या मशीनवर जागा तपासणाऱ्या डायलला याचा पत्ताच लागत नाही.

असं सरकल्याने गोलाचा लंबगोल होतो. बॉलबारवर (मशीनने फिरवलेला गोल किती खरा ते मोजणाऱ्या दांडीवर) हा लंबगोल 45 अंशांत कललेला दिसतो आणि उलट्या दिशेने फिरवला की 135 वर जातो. एक्स-वाय काटकोनात नसले तरी तसाच लंबगोल येतो, मात्र तो दिशा बदलून हलत नाही आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करून घटत नाही. बॉलबार नसेल तर तोच बोअर अर्ध्या फीडने काढा आणि तिरका मोजा. फरक घटला तर मेकॅनिकलवाल्यांशी भांडू नका, गेन बघा.

ऑटो-ट्यूनला नाकं मुरडणारे सिनियर मला पटत नाहीत. सुरुवातीची बैठक ते छान बसवून देतं. फक्त कपलिंग ढिलं असेल तर ते ढिलेपणासकट ट्यून करतं, म्हणून आधी पाना, मग लॅपटॉप. शेजारच्या मशीनचे आकडे जसेच्या तसे उचलणं मात्र निव्वळ आळस. आणि पॅरामीटरची डायरी कुलपात ठेवणाऱ्या उस्तादामागे वर्षं घालवण्यापेक्षा मॅन्युअल वाचलेलं बरं.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत एसी बसवलेल्या कॅबिनेटचं दार उघडं टाकून ट्यूनिंग करत बसू नका, थंड ड्राइव्हवर पाणी धरतं. दार उघडावंच लागलं तर एसी बंद करून आतलं तापमान बाहेरच्याइतकं होऊ द्या.

कंट्रोलर बदलला की आकड्यांचं मापही बदलतं. फानुकवर 3000 म्हणजे सेकंदाला 30. सीमेन्सवर 32200 नंबरच्या पॅरामीटरमध्ये त्याच गेनसाठी 1.8 लिहायचे, कारण तिथला 1 म्हणजे सेकंदाला 16.67. तिथे 30 टाकून सायकल स्टार्ट दाबलंत तर इमर्जन्सी बटण कुठे आहे ते आधी बघून ठेवा.