चवथीचं जेवण आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं

फोंड्याला आमच्या वाड्यावर कुणाचं पोट दुखलं की माणसं आधी माझ्या पायरीवर येतात. सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून जन्म गेला, निवृत्त झाले तरी ड्युटी सुटलेली नाही. चवथीत तर हमखास. दिवसभर नेवऱ्या आणि भजी, रात्री बारा-एकला कळ आणि एकच प्रश्न, "सिस्टर, गॅसच असेल ना?"

मी आधी घड्याळाचं विचारते. पित्ताचा खडा पित्ताशयाच्या पिशवीच्या तोंडाशी अडकला की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध कळ येते. ती पाठीत, उजव्या खांद्यात जाते, उलट्या होतात. खडा मागे सरकला तर दोन-चार तासांत दुखणं उतरतं. तेवढ्यावर थांबलं तरी सोनोग्राफी करून घ्यायचीच, पण सवडीने. पाच-सहा तास उलटूनही उतार नाही, अंग तापलंय, खोकलं तरी पोटात लागतंय, तर पित्ताशयाला सूज आलीय असं धरून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप असेल तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असू शकतो, तिथे एक ताससुद्धा घालवू नका. आणि छातीत दडपण, घाम, दम असेल तर पित्त की हृदय हा वाद घरात नको. १०८ ला फोन करा, ईसीजी आधी.

म्हातारी माणसं आणि मधुमेही मात्र फसवतात. ताप नाही, दुखणं जेमतेम, नुसतं "जेवण नको गो" म्हणत पडून राहतात, आणि आत पिशवी सडायला लागलेली असते. त्यांना मी घड्याळ लावत नाही, सरळ पाठवते.

कुळथाचं सार आणि पानफुटीची पानं लोक मुतखड्यावर घेतात. पित्ताचा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच, तो तिकडून पडणार कसा? ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिऊन "खडे पडले" म्हणत हिरवे गोळे डबीत घालून आणणारेही भेटले. तो पोटात तयार झालेला तेलाचा साबण.

निघताना खायला काही देऊ नका. पोट रिकामं असलं की पिशवी फुगलेली राहते आणि सोनोग्राफीत नीट दिसते. ऑपरेशन लागलं तरी उपाशी पोट बरं. रोजच्या गोळ्या सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्यांदा सांगा. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्डही न्या.

डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं रोवून "मोठा श्वास घ्या" म्हणतात. श्वासाबरोबर यकृत खाली येतं, सुजलेली पिशवी बोटांवर टेकते आणि श्वास अर्ध्यातच अडकतो. ही मर्फी साइन. मग रक्तात पांढऱ्या पेशी, बिलिरुबिन (कावीळ कळायला) आणि लायपेज (स्वादुपिंडाची सूज कळायला) बघतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात पिशवीची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड, भोवती पाणी, पिशवीच्या मानेशी अडकलेला खडा, असं लिहिलेलं सापडेल. नलिकेत खडा असल्याचा संशय आला तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, आणि तो काढायला ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेपर्यंत जाणं.

दाखल केल्यावर तोंडाने खाणंपिणं बंद, सलाईन, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक. एक-दोन दिवसांत माणूस हसायला लागतो, आणि नेमकी इथेच घरची मंडळी घोळ घालतात. "आता बरं आहे, चवथ होऊ दे, मग जत्रा होऊ दे." अँटिबायोटिकने खडा विरघळत नाही. तब्येत झेपणारी असेल तर त्याच मुक्कामात, दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत दुर्बिणीने पिशवी काढलेली उत्तम. लांबवलं की पुन्हा झटका येण्याचा धोका राहतो, आणि मधल्या काळात पिशवी आजूबाजूला चिकटून बसते. फारच नाजूक रुग्णाला आधी बाहेरून नळी घालून पू काढतात. नुसते खडे काढून पिशवी ठेवा म्हणू नका, त्यात पुन्हा खडे होतात.

१९९० साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतात हे दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू केलं. त्याआधी बरगडीखाली लांबलचक चीर असायची आणि रुग्णाला खोकायला लावताना आम्हालाच कसंतरी व्हायचं. आता तीन-चार भोकं, आणि सगळं सुरळीत असेल तर एक-दोन दिवसांत घर. नंतर खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात भरलेल्या गॅसचा तो त्रास, चालत राहिलं की जातो. पित्त यकृतात तयार होतं, त्यामुळे पिशवी नसली तरी जेवण पचतं. काहींना थोडे दिवस शौचाला पातळ होतं. शाकुतीसारखं मसालेदार, तेलकट कालवण महिनाभराने, आणि आधी अर्धी वाटी. पण ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा पोट फुगून दुखायला लागलं तर टाक्यांच्या तारखेची वाट न बघता परत या.

काढलेली पिशवी बायोप्सीला पाठवली का, ते डिस्चार्जच्या वेळी विचारा आणि रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना दाखवा. क्वचित कुणाच्या पिशवीत कॅन्सर निघतो आणि तो त्या कागदावरच कळतो. खड्यांची डबी सगळे जपून नेतात, हा रिपोर्ट मात्र लॅबच्या खिडकीत पडून राहतो.